टी पेशींची वजाबाकी

सूक्ष्मदर्शकाखाली सगळे लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, सारखेच दिसतात. लहानसा गोल, आतली जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेलं केंद्रक आणि कडेला पेशीद्रवाची बारीक किनार. यातली कोणती पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या कुळातली, कोणती विषाणूग्रस्त पेशींना ठार करणारी आणि कोणती नुसते हुकूम सोडणारी, हे पाहून सांगता येत नाही. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. उंदीर संसर्गाने मरू लागले आणि परकी कातडी लावली तरी ती निमूट स्वीकारू लागले. १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवलं की लिम्फोसाइटची कुळंच दोन आहेत, थायमसवर अवलंबून असलेलं टी आणि अँटिबॉडी बनवणारं बी. पण कुळं दोन आहेत हे कळलं, तरी समोरची पेशी कुठल्या कुळातली हा प्रश्न उरलाच.

पुढची पंधरा वर्षं अँटिबॉडींवर भागलं. पेशीच्या पृष्ठभागावरचं एखादं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी मिळाली, की तिच्या आधारे पेशी निवडून बाजूला काढता येत. मदतनीस आणि मारक टी पेशींची फारकत झाली ती याच वाटेने. पण या वाटेची मर्यादाही उघड होती. अँटिबॉडी मिळेल तेवढंच दिसणार. टी पेशी परका रेणू नेमका कशाने ओळखते, तो ग्राही कसा आहे, याचा शोध वर्षानुवर्षं चालला होता आणि त्यात बरेच दावे हवेत विरले. १९८२-८३ च्या सुमारास काही गटांनी, त्यांत जेम्स ॲलिसन यांचाही एक, हे प्रथिन अखेर पकडलं. जनुक मात्र हाती लागत नव्हतं.

ते हाती लागलं वजाबाकीने. मार्क डेव्हिस कॅलटेकमध्ये घडलेले. तिथेच एरिक डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत सागरी साळूच्या गर्भात आणि प्रौढ ऊतींत कोणती जनुकं चालू असतात, याचा हिशेब आरएनएच्या जोड्या लावून मांडला जाई. डेव्हिस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम पॉल यांच्या प्रयोगशाळेत आले आणि स्टीफन हेड्रिक यांच्यासोबत त्यांनी तोच हिशेब लिम्फोसाइटना लावला. टी आणि बी पेशी सख्खी भावंडंच. दोघींच्या संदेशवाहक आरएनएत फरक साधारण दोन टक्क्यांचा. मग जे समाईक आहे ते काढून टाकलं तर?

कृती अशी. टी पेशीच्या आरएनएवरून एकपदरी डीएनए प्रती तयार करायच्या आणि त्या बी पेशीच्या भरपूर आरएनएत मिसळायच्या. ज्यांना जोडीदार मिळेल त्या दुपदरी होतात. हे मिश्रण हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या गरम नळीतून जाऊ द्यायचं. हाडं-दात ज्या खनिजाचे बनतात त्याच घराण्यातला हा पदार्थ. फॉस्फेटचं प्रमाण नीट राखलं तर तो दुपदरी रेणू धरून ठेवतो आणि एकपदरी खाली गळू देतो. खाली गळतं ते बी पेशीत नसलेलं. डेव्हिस-हेड्रिक यांनी त्याआधी आणखी एक चाळणी लावली होती. ग्राही पेशीपटलावर असणार, म्हणून पटलाला चिकटलेल्या रायबोसोमांवरचाच आरएनए घ्यायचा. तो एकूण आरएनएच्या जेमतेम तीन टक्के. एवढं गाळून दहा वेगवेगळी जनुकं उरली. त्यांतल्या एकाच जनुकाचे तुकडे टी पेशीत नव्याने जुळवलेले आढळले, अगदी अँटिबॉडीच्या जनुकांसारखे. हाच ग्राहीचा एक भाग. मार्च १९८४ च्या ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. त्याच अंकात टोरांटोच्या टाक मॅक यांच्या गटाने मानवी टी पेशीतलं तसंच जनुक मांडलं. सुसुमु तोनेगावांच्या गटालाही त्याच वर्षी वजाबाकीतून एक जनुक मिळालं. त्यांनी ते ग्राहीचा दुसरा भाग म्हणून सादर केलं. पुढे ते टी पेशींच्या एका वेगळ्याच जातीच्या ग्राहीचं निघालं.

मला स्वतःला ग्राहीच्या या शर्यतीपेक्षा तिच्यानंतरची निरुद्देश वजाबाकी जास्त मोलाची वाटते. मार्सेयमध्ये पिएर गोल्स्टीन यांच्या गटाने मारक टी पेशींत विशेष चालू असणारी जनुकं अशीच गाळून काढली आणि त्यांना सरळ क्रमांक दिले. पहिलं आणि तिसरं पेशी मारण्याच्या हत्यारांचं निघालं, ग्रँझाइमचं. ते अपेक्षितच होतं. चौथं, सीटीएलए-४, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. रचना अँटिबॉडीच्या घराण्यातली, काम अज्ञात. १९९५ मध्ये ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले, त्यांतला एक गट पुन्हा टाक मॅक यांचाच. त्या उंदरांच्या टी पेशी बेसुमार वाढल्या आणि उंदीर तीन-चार आठवड्यांत मेले. म्हणजे हा ब्रेक होता. ॲलिसन यांनी १९९६ मध्ये तो अडवला तेव्हा उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी विरघळल्या. त्यावरचं औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. क्योतोत तासुकु होंजो यांच्याकडे १९९२ साली, पेशींच्या नियोजित मृत्यूची जनुकं शोधताना, पीडी-१ असंच बाकीत उरलं होतं. त्या मृत्यूशी त्याचा थेट संबंध नव्हता, तोही ब्रेकच. ॲलिसन आणि होंजो या दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. कर्करोगाचं औषध शोधायला ही जनुकं गाळणारं कोणीही निघालं नव्हतं, आणि ‘याचा उपयोग काय’ हा रकाना भरल्याशिवाय पैसे न देणाऱ्या समितीने मार्सेयची ती यादी बहुधा पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवली असती.

१९९५ नंतर अनेक जनुकं एकदम तपासणारे मायक्रोॲरे आले, मग आरएनएचं थेट वाचन, आणि २००९ पासून एकेका पेशीचं. नळ्या अडगळीत गेल्या. आता एका नमुन्यातल्या हजारो टी पेशींची जनुकं एकदम वाचून होतात आणि वजाबाकी संगणक करतो.

मात्र वजाबाकीतून मिळणारी यादी सगळीकडे पुरत नाही. रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची खूण, फॉक्सपी३, वजाबाकीतून आलीच नाही. ती आली १९४९ मध्ये ओक रिज इथे आढळलेल्या, खवलेदार कातडीच्या आजारी उंदरांच्या वंशातून. मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यातलं बिघडलेलं जनुक गाठलं, आणि २०२५ चं नोबेल त्यांना नियामक टी पेशी शोधणाऱ्या शिमोन साकागुचींसोबत मिळालं. शिवाय माणसात साधी मदतनीस टी पेशीसुद्धा चेतवली गेली की काही काळ फॉक्सपी३ चालू करते. म्हणून नियामक पेशी खात्रीने ओळखायची तर प्रयोगशाळा त्या एका जनुकावर थांबत नाहीत. पृष्ठभागावरच्या प्रथिनांपैकी सीडी२५ जास्त आहे का, सीडी१२७ कमी आहे का, हेही पाहतात, आणि त्या जनुकाच्या डीएनएवरच्या मेथिल खुणा कायमच्या उतरल्या आहेत का, तेही तपासतात.