शेजार न साहणारी झाडे



बांधावरच्या बाभळीलगत ज्वारी खुरटते, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. पण ती खुरटते कशानं? सावलीनं, मुळांनी ओल पळवल्यानं, की झाड जमिनीत काही विष सोडतं म्हणून?

प्रश्न जुना आहे. अक्रोडाची सावली शेजारच्या पिकाला बाधते, असे रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवले. सावलीला बिचारीला उगाच बोल लागला! 1925 साली अमेरिकेतील व्हर्जिनियात मॅसी या शास्त्रज्ञाने काळ्या अक्रोडाजवळचे टोमॅटो आणि लसूणघास निरखून पाहिली. झाडाची मुळे पोहोचत तिथवरची रोपे माना टाकीत. पुढे 1928 साली डेव्हिस यांनी त्यामागचे द्रव्य ओळखले. त्याचे नाव जुग्लोन. मौज अशी, की झाडाच्या अंगात ते निरुपद्रवी रूपात असते. बाहेर हवा लागली की त्याचे विष बनते.

1937 साली व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी या प्रकाराला ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. हे गृहस्थ जगदीशचंद्र बोस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेतही काही काळ राहून गेले होते.

नाव मिळाले, आणि मग जिथे तिथे विषच दिसू लागले. कॅलिफोर्नियात तुळशीच्या कुळातल्या एका सुवासिक झुडपाभोवती गवताविना उघडा पट्टा दिसे. झुडपाच्या वासातले द्रव्य गवत मारते, असे मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली मांडले. लोकांना ते पटलेही. पण 1970 साली बार्थोलोम्यू यांनी त्या पट्ट्यात जाळीची कुंपणे घातली, तर आत गवत उगवले की! झुडपात दडणारे उंदीर नि ससे बाहेर येऊन बी आणि कोंब फस्त करीत होते. विषाचा वाटा शून्य होता असे नव्हे. पण सगळा आळ झुडपावर घेणे बरोबर नव्हते.

आपल्याकडचे गाजर गवत घ्या. अमेरिका खंडातले हे तण 1955 च्या सुमारास पुण्यात आढळले. त्यातले पार्थेनिन इतर रोपांची उगवण रोखते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण एकेक झाड हजारो बिया टाकते, गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, हेही धरायला हवे.

गुरुजी, शाळेत दोन कुंड्यांत मूग पेरा. एकीला साधे पाणी द्या, दुसरीला बाभळीचा पाला भिजवलेले. पाला अगदी थोडा घ्या. घट्ट काढा ओतला तर कोणतेही रोप मरेल. गाजर गवताला मात्र मुलांना हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते.