प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचं कॉलेज

कॉलेजला नाव द्यायचं म्हटलं की सहसा देणगीदार आठवतो, नेता आठवतो, नाहीतर देव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं आणि त्याला नाव दिलं वादात हरलेल्या माणसाचं. मिनँडर हा ग्रीक वंशाचा राजा. पाली ग्रंथात तो मिलिंद होतो. भिक्खू नागसेनाला तो प्रश्नामागून प्रश्न टाकतो आणि शेवटी हार मानून त्याचा शिष्य होतो. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये बोलणं रंगण्याआधी नागसेन एक अट घालतो. वाद घालायचा तर पंडितासारखा घाल, राजासारखा नको. पंडितांच्या वादात कुणी अडकतो, कुणी सुटतो, पण त्यावरून कुणी कुणावर डोळे वटारत नाही. राजाचं मात्र तसं नसतं. त्याला न पटणारं बोललं की दंड ठरलेला. मिलिंद अट कबूल करतो. कॉलेज झालं मिलिंद आणि ते ज्या माळावर उभं राहिलं तो झाला नागसेनवन.

हल्ली ‘मेंटॉरिंग’ हा शब्द शाळा-कॉलेजांच्या परिपत्रकांतून फिरतो. वाट चुकू शकेल अशा पोराला एक जाणतं माणूस जोडून द्यायचं, त्याला शाळेत टिकवायचं, मारामारीपासून दूर ठेवायचं, एवढा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी या शहरात हे काम जुनं आहे. फक्त त्याला तेव्हा बोर्डिंग म्हणत.

बोर्डिंगची परंपरा मराठवाड्याबाहेरची. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं निघत गेली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पुढच्याच वर्षी आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. या सगळ्यांना एक साधी गोष्ट कळलेली होती. शाळेत नाव घातल्यानं मूल शिकत नाही. संध्याकाळी ते कुठे जातं, काय जेवतं, कुणाच्या सोबतीनं झोपतं, यावर त्याचं शिकणं ठरतं.

निजामाच्या राज्यात ही सोय फार थोडी. वरचं शिक्षण उर्दूतून, विद्यापीठ एकच आणि तेही हैदराबादेत. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातले जेमतेम नऊ-दहा जण साक्षर निघाले. अशा मुलखात शिक्षक हा नुसता शिकवणारा राहत नाही. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. औरंगाबादेत कोलकात्याहून शिकून आलेले गोविंदभाई श्रॉफ सरकारी शाळेत गणित शिकवत, आणि शाळा सुटल्यावर पोरांचा घोळका त्यांच्याभोवती जमे. १९३८ च्या नोव्हेंबरात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ठिणगी पडली. ती हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली, मुलं वसतिगृहांतून बाहेर काढली गेली, आणि शेवटी नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. गोविंदभाईही नोकरी सोडून निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. बंड करणाऱ्या पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ दार उघडतं, ही गोष्ट आजच्या निलंबनाच्या नोटिसा काढणाऱ्यांनी एकदा निवांत वाचावी.

मग १९४७-४८. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्यांत तरुण होते, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निजामाची नाकी जाळणाऱ्यांतही तरुण होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली. म्हणजे १९५० च्या जूनमध्ये मिलिंदचे वर्ग सुरू झाले तेव्हा बाकावर बसलेल्या पिढीनं जळती घरं पाहिलेली होती. त्यातल्या दलित पोरांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची रोजची, बिनआवाजाची हिंसा होती, ती वेगळीच.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. पुढचं कॉलेज पुण्याला किंवा नागपूरला काढलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी निवडलं औरंगाबाद, कारण इथं जवळजवळ काहीच नव्हतं. स्वतःची इमारत उभी राहायच्या आधीच वर्ग सुरू झाले. कोनशिला बसली १ सप्टेंबर १९५१ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. मागे बौद्ध लेण्यांचा डोंगर, पलीकडे बीबी का मकबरा, मधे खडकाळ माळ.

त्या माळावर येणारं पोर कसं असे? खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. पेटीत एक सदरा, सातू किंवा ज्वारीचं पीठ, आणि गावच्या मास्तरांनी कुणाच्या तरी नावानं लिहून दिलेली चिठ्ठी. घरातलंच काय, वस्तीतलंही कॉलेज पाहिलेलं पहिलं माणूस ते स्वतःच. शिष्यवृत्ती मंजूर असे, पण पैसे हातात पडायला महिने लागत. तोवर मेसचं बिल थकलेलं. अशा वेळी पोर गुपचूप गावची एस. टी. धरतं. आजही गळतीचे आकडे वर्गात तयार होत नाहीत, ते मेसच्या उधारीच्या वहीत तयार होतात. त्या वहीवर डोळा ठेवणारा, खोलीच्या दाराला कुलूप दिसलं की पोर कुठं गेलं म्हणून चौकशी करणारा प्राध्यापक किंवा रेक्टर हाच वसतिगृहाचा खरा खांब.

प्र. ई. सोनकांबळे असंच एक पोर. उदगीर भागातलं, लहानपणीच आई-वडील गेलेलं, बहिणीच्या आसऱ्यानं वाढलेलं. ते मिलिंदला शिकले आणि पुढे औरंगाबादेत इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्यात आक्रोश कमी आणि भूक जास्त आहे. कुणी तुकडा वाढला, कुणी शाळेत बसू दिलं, कुणी हाकललं, याचा हिशेब ते न चिडता मांडत जातात. एखाद्या मुलाचं आयुष्य किती बारीक धाग्यावर टांगलेलं असतं, हे ज्यांना अहवालांतून कळत नाही त्यांनी ते पुस्तक उघडावं.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि मिलिंदच्या मुलांनी बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग केला. आपल्या लोकांच्या छळाची गोष्ट सूड घेऊन नव्हे, रंगमंचावर उभी करून सांगायची, हा धडा त्यात होता. मुलं संवाद पाठ करत होती, प्रेक्षकांसमोर धीटपणे उभं राहायला शिकत होती.

खरी उकळी फुटली ती साठच्या दशकात. म. ना. वानखेडे अमेरिकेत फ्लोरिडाला गेले, वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून डॉक्टरेट घेऊन परतले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. येताना त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची खबर आणली. आपल्यासारखाच संताप असलेली माणसं जगात आहेत आणि ती तो संताप छापून आणतात, हे औरंगाबादच्या वसतिगृहातल्या पोरांना या माणसाकडून कळलं. मिलिंद साहित्य परिषद उभी राहिली. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं. लवकरच त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. नागपूरहून आलेल्या गंगाधर पानतावणे यांनी ते २०१८ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत चालवलं. नवखं पोर चुरगळलेल्या फुलस्केपवर कविता आणून देई. त्यातल्या शुद्धलेखनाला न हसता ती छापणारा संपादक मिळणं, ही त्या पोराच्या आयुष्यातली केवढी घटना असेल! संतापाला कुणीतरी ‘बस, लिही’ म्हटलं.

पण इथं गोष्ट सरळ चालत नाही. मार्गदर्शनानं तरुण निमूट होतात अशी कुणाची समजूत असेल तर नागसेनवनानं ती मोडीत काढली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली आणि औरंगाबादेत तिला तयार माती मिळाली. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यावं ही मागणी जोर धरत गेली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून पळाली. विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत कॉलेजातली मुलं पुढं होती. त्यांनाही कुणीतरी शिकवलेलंच होतं.

आणि १९३८ ची पोरं ज्यांच्याभोवती जमत ते गोविंदभाई नामांतराच्या विरोधात उभे होते. मराठवाडा हे नाव म्हणजे प्रदेशाच्या लढ्याची खूण, ती पुसू नये, असं त्यांचं म्हणणं. एका पिढीचा आधार दुसऱ्या पिढीला भिंत वाटू शकतो. गोविंदभाईंची त्यापूर्वीची तपश्चर्या यामुळे खोटी ठरत नाही, पण नागसेनवनातल्या मुलांच्या मनावर उमटलेला ओरखडाही त्या तपश्चर्येनं बुजत नाही. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, ‘मराठवाडा’ कायम ठेवून आंबेडकरांचं नाव जोडणारा नामविस्तार झाला.

वाट चुकलेल्या पोरांना सांभाळण्याची सरकारी वाट निराळी होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावानं सुधारशाळा निघाली. बालगुन्हेगाराला तुरुंगाऐवजी धंदा शिकवायचा, ही कल्पना.   १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा आला आणि रिमांड होम, प्रोबेशन ऑफिसर हे शब्द मराठीत रुळले. आज कागदावर त्यांना निरीक्षणगृह आणि परिवीक्षा अधिकारी म्हणतात, आणि मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. शब्द इतका लांब की त्यात मूल सापडत नाही. पण मुलाच्या घरी जायचं, शाळेत परत नेऊन बसवायचं, अधूनमधून भेटत राहायचं, ही परिवीक्षेमागची कल्पना वसतिगृहातल्या चौकशीची सख्खी बहीण आहे. फरक इतकाच, की वसतिगृहातलं माणूस पोर बिघडायच्या आधी भेटतं आणि अधिकारी नंतर.

शहर मात्र थांबलेलं नाही. चिकलठाण्याला, वाळूजला कारखाने आले, वस्त्या फुगल्या. १९८८ मध्ये दंगल झाली. २०१८ च्या मे महिन्यात जुन्या शहरात जाळपोळ झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंची पार्सलं पोलिसांनी पकडली. २०२३ च्या रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात गाड्या जळाल्या. नशेच्या गोळ्यांना इथं ‘बटन’ म्हणतात, आणि कुठलं पोर बटनावर गेलं हे गल्लीला पोलिसांच्या आधी ठाऊक असतं.

त्याच जुन्या शहरात, बायजीपुऱ्यात, २०२१ च्या सुरुवातीला करोनानं शाळा बंद असताना एका शाळकरी मुलीनं आपल्या जवळची पुस्तकं मोहल्ल्यातल्या मुलांसाठी मांडली. त्यातून मोहल्ला लायब्ररी उभी राहिली, आणि मग दुसऱ्या वस्त्यांतही. कपाट भरेल एवढीच पुस्तकं, शेजारपाजारची मुलं, आणि नेलेलं पुस्तक परत आणलंस का हे विचारणारं कुणीतरी.

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर गर्दी लोटते. निळे झेंडे, भीमगीतं, आणि रस्त्याच्या दुतर्फा पुस्तकांचे स्टॉल. नांदेडहून, बीडहून, परभणीहून आलेली माणसं रात्रीच्या गाडीनं परतण्याआधी तिथं वाकून पुस्तकं चाळत असतात. बाप किंमत विचारतो, घासाघीस करतो, आणि पोर तोवर फुटपाथवरच बसून पहिलं पान वाचायला लागलेलं असतं.