रकान्यांची कुळकथा

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी चोपडी चौरंगावर ठेवतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि पहिल्या पानावर 'श्री' लिहितो. त्या पानावर अजून एकही रक्कम चढलेली नसते. पण जमा कोठे लिहायची, खर्च कोठे मांडायचा आणि तारीख कोणत्या कडेला घालायची हे मात्र ठरलेले असते. व्यवहार उद्या व्हायचा. त्याचे घर आज बांधून तयार! तक्ता म्हणजे दुसरे काय? पुढे कोणते प्रश्न विचारले जातील याचा आधी केलेला अंदाज, तो उभ्या-आडव्या रेघांत बसवलेला.

या रेघांचे कूळ फार जुने आहे. आजच्या इराकात, जुन्या लार्सा नगराच्या परिसरात, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० वर्षे कोण्या लेखनिकाने ओल्या मातीच्या विटेवर १५ ओळी आणि ४ रकाने मांडले. ही वीट आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे आणि 'प्लिम्टन ३२२' या नावाने ओळखली जाते. तीत काटकोन त्रिकोणांच्या बाजूंचे आकडे आहेत. प्रत्येक रकान्याला मथळा आहे आणि शेवटच्या रकान्यात केवळ १ ते १५ असे अनुक्रमांक आहेत. लेखनिकाच्या हातून चार-दोन चुकाही झाल्या आहेत. गंमत अशी की, त्या चुका आपल्याला आज पकडता येतात त्या तक्त्यामुळेच. आकडे ओळीने मांडले की खोटा आकडा आपोआप वेगळा दिसतो.

यानंतरची कित्येक शतके तक्ता कागदावर आणि माणसाच्या हातात राहिला. मात्र माणसांची संख्या वाढली, तसे हात अपुरे पडू लागले. अमेरिकेतील १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळवता जुळवता सुमारे आठ वर्षे गेली. पुढची जनगणना दाराशी येऊन ठेपली तरी मागचीचा हिशेब पुरता मिटला नव्हता! त्याच कामावर काही काळ राहिलेल्या हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. आगगाडीचा कंडक्टर प्रवाशाच्या तिकिटावर छिद्रे पाडून त्याचे वर्णन नोंदवतो, हे त्याने पाहिले होते. त्याने प्रत्येक माणसामागे एक पुठ्ठ्याचे कार्ड केले आणि वय, लिंग, जन्मस्थान अशा गोष्टींसाठी ठरावीक जागी भोक पाडले. यंत्रातली टाचणी भोकातून खाली पाऱ्यात बुडाली की वीज वाही आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. १८९० च्या जनगणनेत ६ कोटी २६ लाखांहून अधिक माणसे अशी मोजली गेली. हॉलेरिथने १८९६ मध्ये काढलेली कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत मिसळली, आणि त्या एकत्रित कंपनीचे १९२४ मध्ये आयबीएम असे नामकरण झाले.

आता कथेतील मुख्य पुरुषाकडे वळू. एडगर कॉड हा जन्माने इंग्रज, शिक्षणाने गणिती आणि दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला. १९६० नंतरच्या दशकात तो आयबीएममध्येच काम करीत होता. संगणक आले होते आणि त्यांत माहितीचे डोंगरही साठू लागले होते. पण हवी ती नोंद काढायची तर ती कोणत्या फांदीवर, कोणत्या नोंदीच्या पाठीमागे बांधली आहे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. जुन्या वाड्यात नवा पाहुणा यावा आणि त्याला सांगावे, "ओसरीवरून माजघरात जा, तिथून डावीकडे, मग जिन्याखाली तिसरी फडताळी!" वाड्यात एखादी भिंत नवी घातली की सगळे पत्ते चुकले.

कॉडने जून १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माहिती यंत्रात कोठे आणि कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला कळण्याची गरजच नसावी. सगळी माहिती साध्या तक्त्यांत असावी. माणसाने 'काय हवे' एवढेच सांगावे, 'कसे शोधायचे' ते यंत्राने पाहावे. ही कल्पना इतकी सरळ होती की पुष्कळांना ती अव्यवहार्य वाटली. पण त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांशी बोलण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये ओरॅकलने ती बाजारात आणली आणि १९८१ मध्ये कॉडला ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. पुढची पंचवीसएक वर्षे बँकांची खाती, विमानांच्या जागा आणि कारखान्यांचा माल हे सर्व कॉडच्या तक्त्यांत सुखाने नांदले.

मग एक निराळीच अडचण उभी राहिली. ॲमेझॉन हे पुस्तके विकण्यापासून सुरू झालेले दुकान. २००४ च्या नाताळाच्या गर्दीत त्याच्या तक्त्यांवर इतका भार आला की ऐन हंगामात व्यवहार अडले. कारणांचा शोध घेताना तिथल्या अभियंत्यांच्या ध्यानात आले की, त्यांच्या कामांपैकी सुमारे ७० टक्के कामे अगदी साधी होती: एक किल्ली द्यायची, एक ओळ घ्यायची. आणखी २० टक्के कामांत ओळी अनेक असत, पण तक्ता एकच. अनेक तक्ते जोडून गहन प्रश्न सोडवण्याची कॉडची विद्या फार थोड्या वेळा लागे. तिचे ओझे मात्र सदासर्वदा वाहावे लागे. त्यांनी 'डायनॅमो' नावाची नवी रचना केली आणि २००७ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. लेखकांच्या यादीत अविनाश लक्ष्मण, स्वामिनाथन शिवसुब्रमण्यन अशी भारतीय नावे दिसतात. तिच्याच अनुभवावर उभी राहिलेली 'डायनॅमोडीबी' ही सेवा १८ जानेवारी २०१२ रोजी सर्वांसाठी खुली झाली.

या सेवेत तक्ता उघडायला ना कागद लागतो, ना यंत्र विकत घ्यावे लागते. बँकेच्या खिडकीतून छापील फॉर्म आत सरकवावा, त्याप्रमाणे आपला कार्यक्रम दूरच्या यंत्राकडे ठरावीक शब्दांचा, सहीशिक्क्याचा एक अर्ज धाडतो. अशा खिडकीला एपीआय म्हणतात आणि या अर्जाचे नाव 'क्रिएटटेबल', म्हणजे 'तक्ता तयार कर'. अर्जात तक्त्याचे नाव हवे, ३ ते २५५ अक्षरांचे. किल्ली कोणती आणि ती अक्षरांची, आकड्यांची की निव्वळ द्विअंकी, ते सांगायचे. दर सेकंदाला किती वाचन आणि किती लेखन होईल याचा अंदाज द्यायचा. २०१८ पासून तो न देता वापराप्रमाणे पैसे मोजण्याचीही सोय आहे. खिडकीतून उत्तर येते, 'तयार होत आहे'. थोड्या वेळाने विचारावे, तर 'चालू आहे'. बाकीचे रकाने सांगायचेच नसतात. प्रत्येक ओळ आपले रकाने स्वतः घेऊन येते!

फराळाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. गिऱ्हाइकाचा क्रमांक ही पहिली किल्ली आणि मागणीची तारीख ही दुसरी. पहिल्या किल्लीवरून गणित करून यंत्र ठरवते की ही ओळ कोणत्या कप्प्यात जाईल. आणि तिच्या प्रती एकमेकींपासून दूर असलेल्या तीन ठिकाणी ठेवते. "अमुक गिऱ्हाइकाने या दिवाळीत काय मागवले?" असे विचारा, उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजर. पण "चकली कोणी कोणी मागवली?" असे विचारले, तर बिचाऱ्याला सगळी चोपडी पहिल्या पानापासून चाळावी लागते. त्यासाठी निराळी सूची नंतर जोडता येते. मूळ किल्ली मात्र तक्ता उघडताना जी ठरली ती ठरली. बदलायची तर नवा तक्ता उघडून सगळ्या ओळी तिकडे न्याव्या लागतात.

येथेच इतिहासाने घेतलेले वळण दिसते. कॉडने म्हटले होते, प्रश्न कोणताही विचारा, रचनेची काळजी नको. मेघातला तक्ता म्हणतो, प्रश्न आधी ठरवून या, मग कितीही गर्दी होऊ द्या. एकाने मोकळीक दिली, दुसऱ्याने बळ. आणि बळाची किंमत मोकळिकीत मोजावी लागली. बळ खरेच मोठे आहे: २०२१ च्या ॲमेझॉनच्या ६६ तासांच्या विक्रीत या सेवेने ऐन गर्दीच्या क्षणी एका सेकंदात ८ कोटी ९२ लाख मागण्या पुरवल्या.

पण किंमत आणखी एक आहे. जून २०१६ पासून या कंपनीची गोदामे मुंबईतही आहेत. तरी चोपडी आपल्या दुकानात नाही, ती नाहीच. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीची दुपार. आपल्याकडे अभ्यंगस्नाने उरकून फराळाची ताटे फिरत असताना अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या केंद्रात डायनॅमोडीबीचा पत्ताच नाहीसा झाला. पत्त्यांची वही सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित कार्यक्रमांची गाठ पडली. एकाने जुनी नोंद नव्यावर चढवली, दुसऱ्याने ती जुनी म्हणून पुसली, आणि पत्त्याची जागा कोरी राहिली. गोदामे उभी होती, तक्ते जागेवर होते; पण खिडकी कोठे आहे हेच कोणाला सापडेना! पत्ता अडीचएक तासांत परत लागला, तरी त्याचे पडसाद दिवसभर उमटत राहिले. स्नॅपचॅट, सिग्नल यांसारख्या सेवा जगभर अडखळल्या.

म्हणून काही मातीच्या विटांकडे परत जाणे नको. ८ कोटी मागण्यांना विटा पुरायच्या नाहीत. पण ज्याला आज 'तक्ता तयार कर' एवढे शब्द धाडून तक्ता मिळतो, त्याने दोन गोष्टी आधी स्वतःला विचाराव्यात: उद्या मला कोणते प्रश्न पडणार आहेत, आणि ज्या दिवशी खिडकी बंद असेल त्या दिवशी माझा हिशेब मी कोठे पाहणार आहे? लार्साच्या लेखनिकाला दुसरा प्रश्न पडला नसेल. त्याची वीट त्याच्या हातात होती. आपल्याला तो पडलाच पाहिजे.