टायरमधली हवा आणि वाळूचा समुद्र

थ्रेड : १९४० साली एका लहानशा लष्करी दलाने सहारासाठी ट्रक आणि टायर कसे निवडले, आणि ताकदवान गाडी सोडून साधी गाडी का पत्करली, त्याची ही कथा.

१/ १० जून १९४० रोजी इटलीने महायुद्धात उडी घेतली आणि इजिप्त-लिबिया सीमा रणभूमी झाली. लिबियातील इटालियन सैन्य संख्येने कितीतरी मोठे होते. दक्षिणेकडील अथांग वाळवंटात ते काय करीत आहे, हे पाहण्याचे साधन कैरोतील ब्रिटिशांकडे जवळजवळ नव्हते. मेजर राल्फ बॅगनॉल्ड यांनी सेनापती वेव्हेल यांच्यापुढे योजना मांडली : ट्रकवरून शेकडो मैल आत शिरणाऱ्या लहान तुकड्या. तयारीसाठी मुदत मिळाली सहा आठवड्यांची. यातूनच ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे दल उभे राहिले.

२/ बॅगनॉल्ड यांचा अनुभव पुस्तकी नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१६ नंतर, ब्रिटिशांच्या ‘लाइट कार पेट्रोल’ तुकड्या फोर्ड मॉडेल टी गाड्या घेऊन याच वाळवंटात फिरल्या होत्या. त्या गाडीचे मूळ टायर जेमतेम तीन-साडेतीन इंच रुंद. कडक मैदानावर ती सुसाट धावे. मऊ वाळूत मात्र चाके सुरीसारखी आत जात. म्हणूनच इजिप्तच्या पश्चिमेचा ‘ग्रेट सँड सी’, म्हणजे वाळूचा महासागर, मोटारीला अशक्य मानला जाई.

३/ १९३० मध्ये बॅगनॉल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी फोर्ड मॉडेल ए गाड्यांनी तो ओलांडला. या सफरींमधून त्यांच्या ध्यानात आले की वाळू सर्वत्र सारखी नसते. वाऱ्याने दाबून बसवलेल्या उतारावर कणांचा घट्ट थर असतो. वाऱ्याच्या आडोशाला घसरून साचलेली वाळू भुसभुशीत असते. घट्ट थर गाडी पेलतो, पण तो एकदा फुटला की चाक रुतलेच.

४/ येथे टायरचे गणित सुरू होते. मऊ टायर जमिनीवर साधारण तितकाच दाब देतो, जितका दाब त्यातील हवेचा असतो. समजा, एका चाकावर ६०० किलो भार आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.८ किलो असेल, तर टायर सुमारे २१४ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब निम्म्यावर, १.४ वर आणला, तर तीच जागा सुमारे ४२८ होते. गाडी तीच, इंजिन तेच; हवा सोडताच पाऊल दुप्पट!

५/ हवा सोडल्यावर टायर रुंदीपेक्षा लांबीच्या दिशेने अधिक पसरतो आणि चाकाखाली रणगाड्याच्या पट्ट्यासारखी लांबट पाऊलखूण उमटते. मात्र याची किंमत असते. कमी हवेचा टायर खडकाळ वा कडक जमिनीवर वेगाने पळवला, तर त्याच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि फाटतात. म्हणून वाळू संपली की थांबून पुन्हा हवा भरणे क्रमप्राप्त होते.

६/ टायरच्या नक्षीचाही प्रश्न होता. चिखलात खोल खाचांचा, मोठ्या गोट्यांचा टायर उपयोगी, कारण तो घट्ट जमिनीपर्यंत पोहोचून पकड घेतो. वाळूत खाली घट्ट जमीन नसतेच. तेथे त्याच गोट्या फावड्याचे काम करतात आणि थर फोडून गाडीलाच पुरतात. म्हणून वाळूचे टायर रुंद, फुगीर आणि उथळ नक्षीचे असत.

७/ ही केवळ ब्रिटिशांची जाण नव्हती. इटालियन वाळवंटी गाड्यांसाठी पिरेली कंपनीचा ‘लिबिया’ नावाचा खास वाळूचा टायर होता. युरोपच्या मातीसाठी ‘आर्तिल्यो’ हा निराळा. जर्मनांनी आफ्रिकेतील क्युबेलवागन या हलक्या फोक्सवागनला फुगीर टायर चढवले. सर्व भूप्रदेशांना पुरणारा टायर कोणाकडेच नव्हता.

८/ आता गाडीची निवड. बॅगनॉल्ड यांनी पसंत केले ते शेवर्लेचे दीड टनी, उघड्या हौद्याचे, साधे व्यापारी ट्रक. काही कंपनीच्या इजिप्तमधील शाखेतून आले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून घेतले. या ट्रकना केवळ मागच्या चाकांची ओढ होती. वाळवंटासाठी चारही चाकांना ओढ असलेली गाडी का नको?

९/ उत्तर अंतरात दडले होते. वाटेत पेट्रोल, पाणी, अन्न काहीच मिळणार नव्हते. सारे हौद्यातच न्यावे लागे. चारही चाके फिरवणारी यंत्रणा वजन वाढवते. वजन इंधन खाते, आणि जादा इंधनाचे पुन्हा वजन होते. १९४१ मध्ये दलाला चारही चाकांना ओढ असलेले फोर्ड एफ-३० ट्रक मिळाले. ते ताकदवान होते, पण त्यांची इंधनाची भूक परवडेना. मार्च १९४२ पासून त्यांची जागा पुन्हा दोन चाकांच्या ओढीच्या, कॅनडात बनलेल्या शेवर्ले ट्रकनी घेतली.

१०/ या नव्या शेवर्लेंवर १०.५०-१६ मापाचे वाळूचे टायर होते : टायरची जाडी साडेदहा इंच, रिमचा व्यास १६ इंच. रिम लहान आणि टायरची भिंत उंच असल्याने हवा सोडल्यावर दबायला जागा उरे. मागेही जोडचाकांऐवजी एकेकच रुंद चाक होते. जोडचाके सडकेवर भार छान वाहतात. वाळूत मात्र ती पुढच्या चाकाने दाबलेली वाट सोडून नवी वाट फोडतात, आणि दोघांच्या फटीत दगड अडकतात. एकेरी चाक पुढच्याच चाकोरीतून जाते.

११/ त्या काळच्या अनेक ब्रिटिश आणि कॅनेडियन लष्करी गाड्यांची चाके दोन भाग नटांनी जोडून केलेली असत. टायर उतरवणे सोपे, पण हवा भरलेली असताना चुकीचे नट सोडले तर चाक स्फोटासारखे उडे. म्हणून ते नट लाल रंगवण्याची पद्धत होती.

१२/ इतके करूनही चाके रुतत. मग बॅगनॉल्ड यांची जुनी युक्ती कामी येई. कैरोच्या भंगारवाल्याकडे त्यांना पोलादी पन्हळी पट्ट्या सापडल्या होत्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनलेल्या. वाळू उकरून त्या मागच्या चाकांपुढे सरकवायच्या आणि गाडी वर काढायची.

१३/ गाडी गमावणे म्हणजे काय, हे ३१ जानेवारी १९४१ रोजी दिसले. जबल शरीफ येथील हल्ल्यात ट्रक जळाले. मागे राहिलेले चार जण, त्यांतील काही जखमी, नाममात्र पाण्यावर दहा दिवसांत सुमारे २०० मैल चालले. त्यांतील एकाचा अंत झाला. गाडीचे वजन, इंधन आणि टायर यांवरचा सारा खल या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

१४/ या कामात भारतीयही होते. ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’मध्ये जाट, राजपूत, शीख आणि मुस्लिम अशा चार तुकड्या होत्या. याच दलाच्या जोडीने त्यांनी वाळवंटात गस्त घातली.

१५/ या तुकड्यांचे एक मोलाचे काम म्हणजे जमिनीची नोंद : कोठे कडक, कोठे मऊ, कोठून जड वाहने जातील. जानेवारी १९४३ मध्ये कॅप्टन निक वाइल्डर यांच्या न्यूझीलंडच्या तुकडीला ट्युनिशियाच्या मतमाता डोंगरांतून जाणारी खिंड सापडली. मार्चमध्ये मोठे सैन्य याच बाजूने वळसा घालून मारेथ संरक्षणरेषेच्या मागे उतरले.

१६/ बॅगनॉल्ड यांनी गाडी निवडताना आधी वाट पाहिली, मग वजन मोजले, मग टायर ठरवला आणि हवा मात्र प्रत्येक वाटेवर नव्याने ठरवली. आजही पिकअपवर ‘ऑल-टेरेन’ टायर चढवताना हाच क्रम लागू पडतो. त्या नावाखाली मिळते ती सडक, चिखल आणि वाळू यांच्यातील तडजोड. कोणत्या जमिनीला झुकते माप द्यायचे, हे गाडीच्या मालकालाच ठरवावे लागते.

(समाप्त)