सोयीचा आकडा

नोंदणीकृत मूल्यांककाचा व्यवसाय भारतात उभा राहिला तो संपत्ती करामुळे. १९५७ च्या संपत्ती कर कायद्यानुसार मालकाने आपल्या घराजमिनीची किंमत विवरणपत्रात दाखवायची असे, आणि ती जितकी कमी, तितका कर कमी. १९७२ च्या दुरुस्तीने मूल्यांककांची नोंदणी सुरू झाली; इमारती व जमिनींच्या मूल्यांककांत मुख्यतः स्थापत्य अभियंते आणि वास्तुविशारद होते. तरीही सरकारचा त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता. मूल्यांककाचा आकडा कमी वाटला, तर कर अधिकाऱ्याला प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवता येई.

खरी गोम शुल्कात होती. नियमांनी ते मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारीने बांधले, रक्कम वाढेल तसा दर उतरता. म्हणजे अशील आकडा खाली ओढणार आणि शुल्क वर. दोन प्रलोभनांची अशी रस्सीखेच लावून निःपक्षपातीपणा येईल, ही अपेक्षाच भाबडी होती.

१९८९ पासून सरकारने मूल्यांककाच्या मताऐवजी सूत्रच लावले. इमारतीच्या निव्वळ वार्षिक भाड्याला १२.५ ने गुणायचे. भाडेपट्ट्याची जमीन असेल आणि ५० वर्षांहून कमी मुदत उरली असेल, तर ८ ने. वाद मिटले, पण बाजारभावही सुटला. भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्याच्या गिरगावातल्या चाळीचे असे मूल्य बाजारभावाच्या आसपासही फिरकत नसे.

तारण कर्जात ओढ उलटी झाली. कर्जदाराला आकडा मोठा हवा. शुल्कही किमतीवर ठरत असेल, तर दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने मूल्यांककाचा मालमत्तेत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा असे सांगितले आणि ५० कोटी रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल सुचवले.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम २४७ याहून पुढे जाते. ज्या मालमत्तेत मूल्यांककाचा हितसंबंध नेमणुकीपूर्वीच्या तीन वर्षांत होता किंवा मूल्यांकनानंतरच्या तीन वर्षांत निर्माण होईल, तिचे मूल्यांकन त्याला करता येत नाही. २०१७ च्या नियमांतील आचारसंहितेने यशावर आधारलेले शुल्क बंद केले. अशिलाच्या गरजेनुसार ‘सोयीचे मूल्यांकन’ करून देऊ नये, असेही तीत स्पष्ट लिहिले आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत बाजारातले हे उघड गुपित तसे उशिराच आले. नोंदणीचे काम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे आहे. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. त्याच्या कायद्याखालची जुनी नोंदणी मात्र प्राप्तिकराच्या कामासाठी पुढेही वापरात राहिली.