रात्रभर उघडं राहिलेलं सभागृह

जागर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आजीच्या गावचा गोंधळ, एकादशीचं भजन, नाहीतर नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना. अमेरिकेत शिकत असाल, तर रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनासभेचं आमंत्रणही कधी एखाद्या मैत्रिणीकडून आलं असेल. विद्यार्थ्यांचा हा जागर येतो कुठून?

चला, केंटकी राज्यातल्या विल्मोर या छोट्या गावात जाऊ. तिथे अ‍ॅस्बरी हे ख्रिस्ती कॉलेज आहे. ३ फेब्रुवारी १९७०, मंगळवार. सकाळची नेहमीची उपासना साधारण तासाभराची असायची. त्या दिवशी डीननी प्रवचन बाजूला ठेवलं आणि मुलांना साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला बोलावलं. एकामागून एक मुलं उठली. कुणी चुका कबूल केल्या, कुणी माफी मागितली. तासांची वेळ झाली तरी लोक उठेनात. रात्र झाली, सभा चालूच. अशी ती १८५ तास चालली!

काळही लक्षात घ्या. व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतली कॉलेजं धुमसत होती. तीनच महिन्यांनी, ४ मे रोजी, केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. अस्वस्थ पिढी एकच होती. कुणी मैदानात उतरलं, कुणी वेदीपाशी गुडघे टेकले.

मग हे सगळं अचानक घडलं का? तिथे असलेले लोक तसंच सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही. पण इतिहास वाचताना आपण आणखी एक प्रश्न विचारतो: आधीपासून काय तयार होतं? अ‍ॅस्बरीत १९०५ आणि १९५० मध्येही अशा सभा झाल्या होत्या. एकत्र बसायची रोजची सवय होती, आणि ‘इथे असं घडतं’ ही आठवण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होती. म्हणून ८ फेब्रुवारी २०२३ ला उपासना संपल्यावर काही मुलं गात बसून राहिली, तेव्हा त्यांना कुणी उठवलं नाही. या वेळी बातमी टिकटॉकवरून पसरली. सुमारे ६ हजार वस्तीच्या गावात दोन आठवड्यांत ५० हजारांहून अधिक माणसं आल्याचा अंदाज आहे. शेवटी संध्याकाळच्या सभा पंचविशीपर्यंतच्या तरुणांसाठी राखून ठेवाव्या लागल्या, आणि मग बाहेरच्यांसाठीच्या सभा थांबवल्या. दार उघडं ठेवणं सोपं असतं, ते कधी लावायचं हे ठरवणं अवघड.

आता १९०५ कडे परत या. त्या वर्षी अ‍ॅस्बरीत ई. स्टॅन्ली जोन्स नावाचा विद्यार्थी होता. १९०७ मध्ये तो मिशनरी म्हणून भारतात आला आणि पुढे गांधीजींचा मित्र झाला. त्याच १९०५ साली पुण्याजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली दिवसरात्र प्रार्थना करत होत्या. त्या कॉलेजच्या मुली नव्हत्या. त्यांच्यात कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या होत्या. जूनच्या अखेरीस पहाटे साडेतीनला एका मुलीला अंगात अग्नी संचारल्यासारखं झालं. शेजारची मुलगी खरीच आग समजून पाण्याची बादली आणायला धावली, असं वर्णन आहे. तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पारायसोला पोहोचली आणि १९०९ मध्ये तिथे उसळलेल्या चळवळीला तिची प्रेरणा होती. म्हणजे हा प्रवाह फक्त अमेरिकेकडून आपल्याकडे आला नाही, उलटाही वाहिला.

फरक एवढाच की जोन्सने आपली गोष्ट स्वतः लिहिली. केडगावच्या मुलींची गोष्ट बहुतेक इतरांनी लिहिली, तीही इंग्रजीत.

तुम्ही श्रद्धाळू असा वा नसा, अशा रात्री कधी गेलात तर डोळे उघडे ठेवा. कोण बोलतंय, कोण गप्प आहे, नको वाटलं तर उठून जायची मोकळीक आहे का, हे बघा. आणि सकाळी, चहा घेता घेता, चार ओळी लिहून ठेवा. मराठीत लिहिल्या तर फारच छान.