जुन्या स्थानकांना नवी जोड

लंडनमधील सेंट पँक्रस आणि किंग्ज क्रॉस या दोन रेल्वे स्थानकांमध्ये केवळ एका रस्त्याचे अंतर आहे. ऐतिहासिक वास्तूला आधुनिक जोड कशी द्यावी आणि कशी देऊ नये, याचे धडे तेथे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात.

सेंट पँक्रस १८६८ मध्ये सुरू झाले. अभियंता विल्यम बार्लो यांनी मध्ये एकही खांब न घेता सुमारे ७३ मीटर रुंदीचे लोखंडी कमानदार छत उभारले. फलाट उंचावर असल्याने खालच्या तळघरात बर्टनहून येणारी बिअरची पिंपे ठेवली जात. तेथील खांबांमधील अंतरही पिंपांच्या मापानेच ठरले होते. १९६०च्या दशकात स्थानक पाडण्याचे घाटत होते. १९६७ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीच्या वारशाचा दर्जा मिळाल्याने ते वाचले.

पुढे युरोस्टारच्या सुमारे ४०० मीटर लांबीच्या गाड्या या छताखाली मावणे शक्य नव्हते. तेव्हा कमानीची नक्कल न करता उत्तरेकडे सपाट, हलके छत उभारले गेले आणि दोन्ही छतांच्या सांध्यात काच बसवण्यात आली. जुने कोठे संपते, हे त्यामुळे सहज कळते. तळघरात उजेड यावा म्हणून फलाटांची जमीन काही ठिकाणी कापण्यात आली. मात्र कमानीचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना बांधून ठेवते ती हीच जमीन. त्यामुळे हे काम जोखमीचे होते. नोव्हेंबर २००७ मध्ये येथून युरोस्टार धावू लागली आणि पिंपांच्या जागी प्रवाशांची वर्दळ सुरू झाली.

किंग्ज क्रॉसला मात्र आधी चुकीची किंमत मोजावी लागली. लुईस क्युबिट यांनी रचलेल्या १८५२च्या साध्या, देखण्या दर्शनी भागापुढे १९७२ मध्ये बुटके बांधकाम उभे राहिले आणि चार दशके त्याने मूळ रूप झाकोळले. २०१२ मध्ये पश्चिमेला अर्धवर्तुळाकार दालन खुले झाले. त्याच्या छताचा भार जुन्या भिंतींवर नसून स्वतंत्र पोलादी खांबांवर आहे. त्यानंतर पुढचे बांधकाम हटवून तेथे मोकळा चौक करण्यात आला.

मुंबईकरांसाठी हा विषय दूरचा नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. लोकलच्या गर्दीला नव्या सोयी हव्यातच. परंतु नव्याने जुन्याची नक्कल करू नये, त्याच्यावर भार टाकू नये आणि त्याचा चेहरा झाकू नये, ही पथ्ये येथेही पाळली गेली पाहिजेत.